बाजारबुणगे



शाळेत पानिपतचा धडा शिकवताना आमचे गुरुजी एका शब्दापाशी हमखास थांबत. तो शब्द म्हणजे 'बाजारबुणगे'. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर वाणी, आचारी, भिस्ती, मोतद्दार, हमाल असे न लढणारे लोक हजारोंनी होते, त्यांनी धान्य खाल्लं आणि फौज उपाशी पडली, असं ते सांगत. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तिरस्कार दिसायचा. आजही मराठीत एखाद्याला कमी लेखायचं असेल तर आपण त्याला बाजारबुणगा म्हणतो. मला तेव्हा एक प्रश्न पडायचा, विचारायचं धाडस मात्र कधी झालं नाही. ही माणसं नसती, तर घोड्यांना दाणा कोणी घातला असता? शिपायाची भाकरी कोणी भाजली असती?

वीस-बावीस वर्षांनी हाच प्रश्न आमच्या घरात येऊन बसला. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

आमचं गाव कोकणातलं, खाडीकाठचं. इथली मुसलमान माणसं आधी बोटीवर खलाशी म्हणून गेली, नंतर आखातात नोकरीला गेली. माझ्या खालाचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, २००५ साली असाच निघाला. मुंबईतल्या एका एजंटाने त्याला कुवेतच्या हॉटेलात स्वयंपाक्याची नोकरी सांगितली होती. एजंटाचे पैसे भरायला खालाच्या बांगड्या गहाण पडल्या. कुवेतला उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतला गेला. एका खोलीत वीस माणसं, असे तीन आठवडे गेले. मग एका रात्री सगळ्यांना बसमध्ये बसवलं. सकाळी उतरून पाहतात तो समोर वाळूच्या पोत्यांच्या भिंती आणि अमेरिकन शिपाई! देश होता इराक. भारत सरकारने तर २००४ सालीच कामगारांना इराकला जायला बंदी केली होती. पण याचा व्हिसा कुवेतचा. कागदावर तो इराकला गेलाच नव्हता.

बगदादजवळच्या त्या छावणीत त्याने दोन वर्षं काढली. पहाटे तीनला उठायचं आणि हजारो शिपायांचा नाश्ता तयार करायचा. अंडी, फळं, केक, आइस्क्रीम, कशालाही कमी नाही. डुकराचं मांसही वाढावं लागे. तो हातमोजे घालून वाढायचा आणि रात्री पुन्हा पुन्हा हात धुवायचा. राहायला लोखंडी कंटेनर. भोंगा वाजला की शिपाई शिरस्त्राण आणि छातीवरचं चिलखत चढवून आडोशाला पळत. आमच्या पोराला ना शिरस्त्राण, ना चिलखत. तो भटारखान्यातल्या टेबलाखाली शिरायचा.

तो परत आला तेव्हा खालाने विचारलेली पहिली गोष्ट मी विसरलेलो नाही. बगदाद म्हटलं की आमच्याकडच्या बायकांना एकच गोष्ट आठवते, हजरत अब्दुल कादिर जिलानी यांचा दर्गा. दरवर्षी घरोघर त्यांची ग्यारवी होते. खालाने विचारलं, "बगदादला होतास ना रे? पीरानेपीरांच्या दर्ग्यात जाऊन आलास का?" त्याने मान खाली घातली. दोन वर्षांत तो छावणीच्या फाटकाबाहेर एकदाही पडला नव्हता. "अम्मी, मी बगदाद पाहिलंच नाही," तो म्हणाला, "मी फक्त भांडी पाहिली."

मी कविता लिहिणारा माणूस. फौजा, शस्त्रं हा माझा विषय नाही. पण आपल्या माणसाला कोणत्या यंत्रात घातलं होतं, हे कळावं म्हणून मी वाचत गेलो.

आपल्याकडे 'रसद' हा जुना शब्द आहे. फौजेला लागणारं अन्न, पाणी, इंधन, तंबू, दारूगोळा आणि तो पोचवण्याची व्यवस्था, असा त्याचा आवाका. अमेरिकेच्या लष्कराने हे काम खासगी कंत्राटदारांकडून करून घेण्याची एक कायमची योजना १९८५ साली आखली. तिचं नाव 'लॉगकॅप'. या योजनेतलं पहिलं मोठं कंत्राट १९९२ साली ब्राउन अँड रूट या कंपनीला मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात सोमालियात फौजा उतरल्या आणि त्यांच्या मागोमाग कंत्राटदारही. नंतर हैती झालं, बोस्निया झालं. डिसेंबर २००१ मध्ये निघालेलं नवं कंत्राट पुन्हा त्याच घराण्याकडे आलं. तोवर कंपनीचं नाव केलॉग ब्राउन अँड रूट, म्हणजे केबीआर, झालं होतं आणि ती हॅलिबर्टन समूहात होती. या समूहाचे माजी प्रमुख डिक चेनी तेव्हा अमेरिकेचे उपाध्यक्ष होते. २००३ साली इराकवर चढाई झाली आणि या कंत्राटाला कसलाच धरबंध उरला नाही.

लष्कर असं का करतं? कारणं अगदीच खोटी नाहीत. अमेरिकेने १९७३ मध्ये सक्तीची लष्करभरती बंद केली. शीतयुद्ध संपल्यावर फौजही कमी केली. तयार केलेला शिपाई महाग असतो. त्याला बटाटे सोलायला बसवण्यापेक्षा ते काम दुसऱ्या कोणाला दिलं, तर शिपाई लढायला मोकळा राहतो. लढाई संपली की कंत्राट संपवता येतं, निवृत्तिवेतनाचा प्रश्न येत नाही. हिशेबी माणसाला हे पटावं असंच आहे.

पण या हिशेबात दोन गोम आहेत. पहिली पैशाची. या कंत्राटात बऱ्याच वेळा 'झालेला खर्च अधिक नफा' अशी पद्धत असते. घर बांधणाऱ्याला कोणी कळतं हे. खर्चावर नफा द्यायचं ठरवलं, की सिमेंटच्या गोणी वाचवण्यात कंत्राटदाराला रस राहत नाही. अमेरिकेच्या संसदेने नेमलेल्या युद्धकाळातील कंत्राटांच्या आयोगाने ऑगस्ट २०११ मध्ये अंतिम अहवाल दिला. इराक आणि अफगाणिस्तान मिळून ३१ ते ६० अब्ज डॉलर उधळपट्टीत आणि लबाडीत गेले, असा त्यांचा अंदाज होता.

दुसरी गोम माणसांची आणि ती मला जास्त बोचते. किती सैन्य पाठवलं, किती मेले, हे सरकारला लोकांना सांगावं लागतं. कंत्राटदाराची माणसं त्या आकड्यात धरत नाहीत. २००८ च्या सुमारास इराकमध्ये साधारण एका अमेरिकन शिपायामागे कंत्राटदाराचा एक माणूस होता. म्हणजे जगाला जेवढी फौज दिसत होती, तेवढीच आणखी एक मागे उभी होती. तिच्यात अमेरिकन थोडे. बाकी इराकी, नेपाळी, फिलिपिनो, बांगलादेशी आणि आपले लोक. आपल्या सरकारने जुलै २००३ मध्ये इराकला सैन्य पाठवायला नकार दिला होता. आपला शिपाई गेला नाही, पण आपला आचारी गेला.

'कंत्राटदार' म्हटलं की लोकांना ब्लॅकवॉटर आठवते. बगदादच्या निसूर चौकात १६ सप्टेंबर २००७ रोजी त्या कंपनीच्या बंदूकधाऱ्यांनी १७ नागरिक मारले, त्याची चर्चा जगभर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण बंदूक घेतलेले थोडे होते. बहुतेकांच्या हातात झारा, झाडू, नाही तर ट्रकचं चाक होतं. त्यांच्याबद्दल कोण बोललं?

श्रोतेहो, ही पद्धत नवी आहे असंही समजू नका. आपल्या दख्खनच्या पठारावर ती शेकडो वर्षं चालत होती. बंजारा नायक बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोणी लादून फौजांच्या मागे चालत. ते कोणाचे नोकर नसत. स्वतःच्या भांडवलावर धान्य घ्यायचं आणि छावणीच्या बाजारात विकायचं. आर्थर वेलस्लीने १८०३ मध्ये आजच्या अहिल्यानगरचा, तेव्हाच्या अहमदनगरचा, किल्ला घेतला आणि पुढे असईची लढाई जिंकली, तेव्हा त्याची रसद मोठ्या प्रमाणावर या तांड्यांवर होती. त्याच्या पत्रांत बैल आणि बंजारे सारखे येतात.

बंजारा समाजात एक जुनी आठवण सांगतात. शहाजहानच्या काळात दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या मोगल सरदाराने त्यांच्या नायकांना तांब्याच्या पत्र्यावर सोन्याच्या अक्षरांत एक सनद दिली. बैलांना पाणी नसेल तर घराघरातलं घ्या, वैरण नसेल तर झोपड्यांचं छप्पर ओढा आणि दिवसाला तीन खून माफ! सनद खरोखर तशी होती की नाही, हे इतिहासकारांनी ठरवावं. पण रसद वेळेवर हवी असेल तर राज्यकर्ता कायदा बाजूला ठेवायला तयार होतो, एवढं त्या गोष्टीत आहे. २००४ च्या जूनमध्ये इराकचे अमेरिकन प्रशासक पॉल ब्रेमर यांनी जाता जाता 'आदेश क्रमांक १७' नव्याने काढला. त्यानुसार कंत्राटाच्या कामात घडलेल्या गोष्टींसाठी परदेशी कंत्राटदारांवर इराकी कायदा चालणार नव्हता. ते अभय २००९ च्या १ जानेवारीपासून लागू झालेल्या करारानेच संपलं. तांब्याच्या पत्र्याच्या जागी कागद आला होता, एवढाच फरक.

पण जुन्या नायकाची एक गोष्ट वेगळी होती. बैल त्याचे होते, तांडा त्याचा होता, सौदा तो स्वतः करायचा. आजच्या साखळीत खालच्या माणसाला सौदाच माहीत नसतो. वर अमेरिकेतली मोठी कंपनी. तिच्याखाली कुवेत किंवा जॉर्डनचा पोटकंत्राटदार. त्याच्याखाली मुंबईचा, काठमांडूचा एजंट. त्याच्याखाली गावातला दलाल, जो बहुधा ओळखीचाच असतो, कधी कधी नात्यातलाही. माझ्या मावसभावाला आपण नेमके कोणत्या कंपनीचे नोकर होतो, हे आजही सांगता येत नाही.

या साखळीचं सर्वात भीषण रूप २००४ मध्ये दिसलं. बारा नेपाळी तरुण घरून निघाले ते जॉर्डनला नोकरी मिळणार म्हणून. तिथल्या एका पोटकंत्राटदारामार्फत त्यांना इराकमधल्या अमेरिकन तळाकडे नेलं जात होतं. रस्त्यात अतिरेक्यांनी त्यांना पळवलं आणि ३१ ऑगस्टला त्या बाराही जणांच्या हत्येची बातमी आली. दुसऱ्या दिवशी काठमांडू पेटलं. जमावाने माणसं परदेशी पाठवणाऱ्या एजंटांची कार्यालयं फोडली. आणि शहरातली जामा मशीद फोडली.

ही बातमी वाचली तेव्हा मला दोनदा लाज वाटली. इस्लामचं नाव घेऊन बारा गरीब पोरांचे गळे घेणाऱ्यांची लाज वाटली. आणि हेही वाटलं, की काठमांडूच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या माणसाचा या साखळीशी काय संबंध होता? राग कोणावर काढायचा हेच जमावाला दिसत नव्हतं. मोठ्या कंपनीचं कार्यालय सातासमुद्रापलीकडे. हाताशी होती ती मशीद.

नेमक्या त्याच दिवशी, १ सप्टेंबर २००४ ला, आपल्या देशात आनंद झाला होता. कुवेतच्या एका वाहतूक कंपनीचे सात ट्रकचालक जुलैपासून इराकमध्ये ओलीस होते. त्यांत तिघे भारतीय होते, तिघे केनियाचे आणि एक इजिप्तचा. ते सगळे त्या दिवशी सुटले. एकाच दिवशी एका देशात पेढे आणि शेजारच्या देशात संचारबंदी. काम दोन्हीकडच्या माणसांचं एकच, परक्याच्या लढाईची रसद.

अफगाणिस्तानात तर याहून विचित्र प्रकार झाला. तिथे समुद्र नाही. बरंचसं सामान कराचीला उतरायचं आणि तोरखम, चमनच्या घाटांतून ट्रकने वर जायचं. पुढे देशातल्या तळांवर ते पोचवण्याचं सुमारे २.१६ अब्ज डॉलरचं काम खासगी वाहतूकदारांना दिलं होतं, संरक्षणासकट. रस्ता सुरक्षित राहावा म्हणून ते टोळीप्रमुखांना पैसे देत. जून २०१० मध्ये अमेरिकन संसदेच्या एका उपसमितीने अहवाल दिला, की या पैशांतला काही भाग तालिबानपर्यंत जात असावा. म्हणजे ज्याच्याशी लढायचं, त्यालाच वाट सोडण्याचे पैसे! आणि टँकर पेटला तर आत जळायचा तो पेशावरकडचा एखादा पठाण ड्रायव्हर. पगार महिन्याचा, जीव रोजचा पणाला.

आता कोणी म्हणेल, ही माणसं पैशासाठीच गेली ना? हो, पैशासाठीच गेली. शिपाईसुद्धा पगार घेतो. पण शिपाई मेला तर झेंडा येतो, बिगुल वाजतं, गावात चौथरा होतो. माझा प्रश्न झेंड्याचा नाही. निदान मोजणार तरी आहात की नाही, एवढाच आहे.

कायदा नाही असं नाही. अमेरिकेत १९४१ पासून 'डिफेन्स बेस अ‍ॅक्ट' आहे. परदेशातल्या लष्करी कंत्राटावर काम करणारा माणूस कोणत्याही देशाचा असो, जखमी झाला किंवा मेला तर त्याला विम्याची भरपाई मिळाली पाहिजे. त्या नेपाळी कुटुंबांना २००८ मध्ये याच कायद्याने भरपाई मंजूर झाली. मुख्य कंपनीविरुद्ध त्यांनी लावलेला दावा मात्र पुढे अमेरिकन न्यायालयांत टिकला नाही. पण ही भरपाई मागावी लागते. मेलेल्यांचे सरकारी आकडे निघतात तेही आलेल्या अर्जांवरून. नेपाळच्या डोंगरातल्या किंवा आमच्या खाडीकाठच्या एखाद्या आईला असा अर्ज असतो हेच माहीत नसेल, तर तिचा मुलगा आकड्यातही येत नाही.

ही न मोजण्याची सवयही जुनीच. पहिल्या महायुद्धात याच इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, आपल्या मराठा पलटणी कूटच्या वेढ्यात अडकल्या होत्या. त्या मोहिमेत शिपायांबरोबर हिंदुस्थानातून हजारो हमाल आणि मजूरही नेले होते. तुरुंगांतले कैदीसुद्धा मजूर म्हणून नेले. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अंमलदारांची कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचे नुसते आकडे. आणि मजुराला कोण विचारतो? राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी.

आणि हे सगळं इतिहासजमा झालं असंही नाही. २०२४ मध्ये आपलेच काही तरुण 'मदतनीस' म्हणून काम मिळेल या आशेने रशियाला गेले आणि युक्रेनच्या आघाडीवर पोचले. त्यांतले काही मेले. तिथे मध्ये खासगी कंपनी नव्हती, करार थेट सैन्याशी होता. पण घरून नेणारा एजंट तोच, 'लढायचं नाही, फक्त मदत करायची' हे वाक्यही तेच.

आपण तरी फार वेगळे आहोत का? सियाचिनच्या चौक्यांवर सामान वाहणारे लडाखी हमाल आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहेत? जवानाच्या बातमीने आपले डोळे भरून येतात. हमालाची बातमीच येत नाही.

माझा मावसभाऊ आता महामार्गावर छोटी खानावळ चालवतो. मासे फार छान करतो. त्याला खोकला आहे, बरीच वर्षं आहे. छावणीत कचरा उघड्या खड्ड्यांत जाळत. प्लास्टिक, बॅटऱ्या, औषधं, सगळंच. त्यांचा भटारखाना त्या धुराच्या वाटेवर होता. त्या धुरामुळेच हा खोकला लागला, असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण २०२२ मध्ये अमेरिकेने 'पॅक्ट' नावाचा कायदा केला. अशा धुरात राहिलेल्या त्यांच्या माजी सैनिकाला ठरावीक आजार झाला, तर तो धुरामुळेच झाला असं धरून त्याला उपचार आणि भरपाई मिळते. चांगला कायदा आहे. पण त्याच धुरात त्या सैनिकाला अंडी वाढणाऱ्याला तो लागू नाही. त्याने स्वतः सिद्ध करायचं. कशावरून करणार? करारपत्राची प्रत त्याच्याकडे नाही, एजंटाचं कार्यालय केव्हाच बंद झालं आणि पासपोर्टवर इराकचा शिक्काच नाही.

म्हणून ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरातून कोणी बाहेर निघालं असेल, त्यांना एवढंच सांगतो. एजंट नोंदणीचा आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा. करारपत्रात देशाचं नाव, गावाचं नाव, कामाचं नाव आणि खऱ्या मालकाचं नाव आहे का ते वाचून घ्या. विम्याचा कागद मागा. पासपोर्ट आणि करार, दोन्हींच्या प्रती घरी आईच्या पेटीत ठेवा. हा कागद जवळ असता, तर आज आमचा माणूस निदान अर्ज तरी करू शकला असता.

परवा त्याच्या खानावळीत बसलो होतो. टीव्हीवर कुठल्याशा लढाईच्या बातम्या चालू होत्या. रणगाडे, विमानं, नकाशे. तो हात पुसत बाहेर आला, थोडा वेळ बघत उभा राहिला आणि मला म्हणाला, "भाई, एवढ्या माणसांचा स्वयंपाक कोण करत असेल?"

टीव्हीवर कोणी ते सांगत नव्हतं. तो पुन्हा आत गेला, तव्यावरची भाकरी करपत होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)